मास्तरांच्या घरची झावळी

बस्त्याव मास्तर भेटले की 'कशी आहेस', 'जेवलीस का' असलं काही विचारत नाहीत. फेब्रुवारी उजाडला की सायकल फाटकाशी टेकवून थेट सवाल करतात, "गेल्या वर्षीची झावळी कुठाय?"

मी सांगलीची, नोकरीपायी या गास गावात येऊन पडलेले. पहिल्या वर्षी मला वाटलं, म्हातारा नारळाच्या झावळ्या गोळा करतोय. म्हणून वाडीतली दहा फुटी झावळी ओढत आणून दिली. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि तिथेच माझी शिकवणी सुरू झाली.

तर, ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्यांना आशीर्वाद देतात. लोक त्यांचे छोटे क्रूस विणून घरातल्या तसबिरीमागे खोचतात. वर्षभराने ते चर्चला परत करायचे, घरोघरी फिरून गोळा करतात मास्तर. ते जाळून जी राख होते, ती राखेच्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळावर लागते आणि ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू होतो. "आशीर्वादाची वस्तू केरात जात नाही," मास्तर बजावतात. "अग्नी नाहीतर माती. कारण सांग!"

'कारण सांग' हे त्यांचं पालुपद. शाळेतून रिटायर झाले तरी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतात आणि उरलेले सहा दिवस आम्हाला. घरात इथली कादोडी बोली, पण शिकवायला लागले की अगदी पुस्तकी मराठी. एकदा मला म्हणाले, "उपवासकाळ चाळीस दिवसांचा. मोज." मी कॅलेंडरवर मोजले तर भरले शेहेचाळीस! मास्तर लहान पोरासारखे खूश. "रविवार धरायचे नाहीत. तो पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपास कसला?"

"म्हणजे रविवारी मटण चालतं?"

"तुझं डोकं बरं चालतं गं," ते म्हणाले. "पण भलत्या दिशेला."

झावळी हरवली म्हणणाऱ्याची मात्र धडगत नसते. शेजारच्या फिलूने सांगितलं, बकरीने खाल्ली. मास्तर म्हणाले, "मग तिला पापनिवेदनाला घेऊन ये." बिचारी फिलू आठवडाभर त्यांना बघून माडाआड लपत होती.

यंदा राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी गोणी भरून मास्तर आमच्या ओट्यावर टेकले. मी चहा देताना हसत बोलून गेले, "मास्तर, तुमच्या घरची राहिली की!"

बोलले आणि जीभ चावली. मार्थाबाय, त्यांची बायको, गेल्या ऑगस्टमध्ये गेली. त्यांच्या तसबिरीमागचा क्रूस तिनेच विणलेला होता. दरवर्षी तीच विणायची, मास्तरांच्या बोटांना ते कधी जमलं नाही.

मास्तरांनी चहा खाली ठेवला. "तिच्या हातचं शेवटचं तेवढंच आहे गं. नाही दिला तर?"

कुणाला काही विचारायचं तर ते पाठ आहे का बघायला, हीच त्यांची रीत. आज खरंच विचारत होते, आणि तेही मला! मला भडभडून आलं. म्हटलं, "ठेवा हो मास्तर. कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"गावभर विचारत मीच फिरतो ना," ते म्हणाले आणि गोणी उचलून गेले.

बुधवारी दुपारी फाटकाशी सायकल थांबली. मास्तरांच्या कपाळावर राख तशीच होती. मला नवल वाटलं, कारण चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपली की नळावर कपाळ धुणारे गावातले पहिले तेच. उपास करावा पण मिरवू नये, तोंड धुवावं, असं येशूनेच सांगितलंय म्हणून.

"आज धुतलं नाहीत?"

"दिला मी," मास्तर म्हणाले. "गोणीत सगळ्यात वर ठेवला. आता आख्ख्या गावाच्या राखेत तीही आहे." मग ऊन टाळायला हाताचा आडोसा करून त्यांनी कपाळ माझ्यापुढे वाकवलं. "घामाने पुसली तर नाही ना गं? नीट बघून सांग."

मी बघितलं. डोळ्यांत पाणी आलेलं, पण बघितलं.

"आहे, मास्तर," म्हटलं. "चांगली ठसठशीत आहे."