जैबुन बागवान गप्प बसते

राजारामपुरीच्या मंडईत केळीवाली जैबुन बागवान गप्प बसली, ही बातमीच होती. एरवी तिच्या आरोळीनं गाडीवरचं गिऱ्हाईक ब्रेक दाबायचं.

मशिदीत निर्वासितांच्या छावणीसाठी पांघरुणं गोळा होत होती. लेक तस्मियानं शक्कल काढली: मायलेकींनी सकाळपासून संध्याकाळच्या मगरीबच्या अजानपर्यंत बोलायचं नाही. लिहिणं बंद, हातवारेही बंद. समोरचा चादरवाला बाळासो लगेच पैजेला तयार झाला. "जी गप्प ऱ्हाईल तिच्या नावानं ब्लँकेटांचा एक गठ्ठा. वैनींचा तर वाचलाच म्हणायचा!"

सकाळी कोथिंबीरवाल्या झुंबरबाईनं केळ्यांचा भाव विचारला. उत्तर नाही.

"नवऱ्याचा पाय मोडलता तवाबी ही वरडत हुती," ती शेजारणीला म्हणाली. "आज गप हाय म्हंजे पायापेक्षा मोठं झालंय."

जैबुनचे इस्माईलभाई पहाटेच कुरुंदवाडला केळी आणायला गेले होते. झुंबरबाईनं फोन लावला. बंद.

मंडईतलं कोणी गेलं की शटर खाली घ्यायचं, ही रीत. एकेक शटर खाली आलं. बायका जैबुनभोवती येऊन बसल्या. "धीर धर बाई. देवापुढं कुणाचं चालतंय?" तस्मिया ‘नाही, नाही’ अशी जोरजोरात मान हलवत राहिली; पोरगी दुःखानं मान हलवतेय, असं सगळ्यांनी धरलं.

पैज एकट्या बाळासोला ठाऊक, तो गालात हसत होता. पण इकडे जैबुनलाच वाटू लागलं, की ह्या बायकांना इस्माईलभाईंचं खरंच काही कळलंय. विचारावं तर पांघरुणं जातात, न विचारावं तर जीव जातो. तिनं पदरानं तोंड दाबलं आणि ती रडू लागली. ते बघून बाळासोचंही अवसान गळालं. त्यानं मुकाट्यानं शटर ओढलं.

उन्हं कलली तेव्हा टेम्पो आला. इस्माईलभाई उतरले, बंद दुकानं पाहून चपापले.

"कोण गेलं ओ?"

"तुमीच की!" झुंबरबाई म्हणाली.

"अवो, जित्तं हायसा!" जैबुन अशी ओरडली, की टेम्पोवाल्याच्या हातून घड सुटला. "मग फोन का बंद ठिवलाय?"

मंडई पोट धरून हसली. मग जैबुनला पैज आठवली आणि तिचा चेहरा उतरला. "माझा गठ्ठा गेला गं."

"न्हाय गेला, वैनी," बाळासो डोळे पुसत म्हणाला. "इस्माईलभाई अर्धा दिस आलं न्हाईत, तर मी शटर ओढून बसलो. ज्यांची माणसं खरंच परत येत न्हाईत, त्यांचं पांघरूण मी पैजंवर ठिवलं. दोन्ही गठ्ठे न्यावा."

तेवढ्यात अजान झाली. तस्मियानं घसा खाकरला.

"काका, माझा गठ्ठा दान न्हवं, त्यो मी जिकलाय. दुवा घ्यायची तर अम्मीच्या गठ्ठ्याची घ्या."