सासरेबुवांचे बिघाड

“ही नेटवर्किंगची परीक्षा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!” असं सूनबाईंनी भर जेवणात जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीतला पलंग बाहेर गेला आणि आत सहा जुने राउटर, चार नेटवर्कचे स्विच आणि वायरींचा हा एवढा गुंता येऊन पडला!

परीक्षा साधीसुधी नव्हती. आठ तास, सगळं हातानं करून दाखवायचं. आधी कोरं नेटवर्क उभारायचं, मग बिघडलेलं दुरुस्त करायचं. पास झाली तर ऑफिसात टीमची प्रमुख. नापास झाली तर तिच्या डोक्यावर तोच साहेब, ज्याला इंटरनेट बंद पडलं की आधी मॉनिटर पुसायची सवय होती!

उभारणीची तिला धास्ती नव्हती. “ते काय, येतंच!” घोडं अडलं होतं दुरुस्तीपाशी. बिघाड आपणच करायचा आणि आपणच शोधायचा, म्हणजे एकट्यानं लपाछपी खेळण्यातला प्रकार. नवऱ्याला सांगून पाहिलं, तर त्यानं घराचा मेन स्विच पाडला आणि “शोध आता!” म्हणून अंधारात खिदळत बसला.

राहता राहिले सासरे. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं लाइनमन. निवृत्त झाल्यापासून बाल्कनीत उभं राहून लोकांनी ओढलेल्या तारांना नावं ठेवणं, एवढाच उद्योग.

“बाबा, रोज माझ्या नकळत एक बिघाड करून ठेवाल?”

“अगं, जन्मभर बिघाड काढले, आणि आता म्हातारपणी करायला लावतेस?” असं म्हणाले खरे, पण म्हणता म्हणता पक्कड शोधायला उठलेसुद्धा!

पहिल्या दिवशी त्यांनी एक वायर उपटून ठेवली. सूनबाईंनी दारातूनच ओळखलं. “बाबा, हे तर आंधळासुद्धा सांगेल!”

हे वाक्य म्हाताऱ्याच्या वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी वायर वरून अखंड, पण आतली एकच तार तुटलेली. शोधायला दोन तास! तिसऱ्या दिवशी वायरींवर नावं लिहून चिकटवलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांची अदलाबदल. पुढे तर “आज काही केलं नाही हो, कंबर दुखतेय,” असं विव्हळत सांगायचे आणि दाराआडून तिची फजिती बघायचे. सून घामाघूम, सासरे दिवसेंदिवस तरुण!

परीक्षेला चार दिवस उरले. सूनबाई रजा घेऊन सकाळीच खोलीत शिरल्या आणि बघतात तर इंटरनेट ठप्प! घरच्या राउटरचे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकत होते.

“वा बाबा! आज घरचीच लाइन पाडली?”

“मी? मी तर तुझ्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. फिरायला गेलो होतो.”

“हो हो, आणि कंबरही दुखत असेल!”

तेवढ्यात नवरा धावत आला. “अगं, माझी मिटिंग चालू होती! साहेबांचं तोंड उघडं राहून थिजलंय! मी कंपनीच्या माणसाला फोन करतो.”

“खबरदार! हा माझा पेपर आहे!”

पुढचे दोन तास तिनं वायर न् वायर सोडवली. घराला भंगाराच्या दुकानाची कळा आली. मग बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई दारात. “तुमच्याकडे नेट आहे? आमचं गेलंय.” त्यांच्यामागून शिकवणीचे मास्तर आले, त्यांच्यामागून निम्मी गल्ली!

सूनबाई थक्क होऊन सासऱ्यांकडे वळल्या. “बाबा! अख्खी गल्ली?”

“देवाशपथ नाही!” म्हातारा रडकुंडीला आला.

वकीलबाईंनी केव्हाच तक्रार केली होती. कंपनीचा दुरुस्तीवाला आला, सगळी वरात त्याच्यामागून गल्लीच्या कोपऱ्यावर गेली. त्यानं तिथली इंटरनेटच्या वायरींची लोखंडी पेटी उघडली आणि बघतच राहिला. “आईशपथ! किती सुबक काम! इतक्या नेटक्या गाठी मी बापजन्मात पाहिल्या नाहीत. कुणी केलं हे?”

पस्तीस वर्षांत कुणी केलं नव्हतं ते कौतुक! सासऱ्यांची छाती फुगली. “मीच! सकाळी फिरताना पाहिलं, दार उघडं, आत नुसता कचरा. सगळं रांगेत लावलं. एक वायर दोन्हीकडून मोकळी लोंबत होती, तिचीही दोन्ही टोकं रिकाम्या खाचांत बसवून टाकली!”

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. “बाबा, त्या दोन टोकांमुळे सगळे संदेश त्या पेटीतच गरागरा फिरत बसलेत! बाहेर निघतील कसे?”

वायर उपटली, गल्ली सुरू झाली. आणि गल्लीचं तोंडही! सासऱ्यांना लोकांनी असं काही ऐकवलं की चार दिवस ते बाल्कनीत फिरकले नाहीत.

परीक्षा झाली. निकाल आला. दुरुस्तीत पैकीच्या पैकी गुण! उभारणीत सपशेल नापास. तीन महिने नुसते बिघाड शोधण्यात गेले, “येतंच” म्हणून एकही नेटवर्क पहिल्यापासून उभारलं नव्हतं.

सूनबाई डोळे पुसत कोचावर बसल्या. सासऱ्यांनी जवळ येऊन पाठीवर हात ठेवला. “अरेरे! फार वाईट झालं गं. पुन्हा कधी बसता येईल?”

“तीन महिन्यांनी.”

“अरेरे!” सासरे पुन्हा म्हणाले. पण या खेपेला त्यांना चेहरा दुसरीकडे वळवावा लागला. हसू काही केल्या दाबता येईना!