पासवर्डचा पहारा

सुभेदार हिंदुराव चौगुले यांना "एवढंच करा" असं सांगून काही उपयोग नसतो, हे त्यांच्या पोटच्या मुलीला तरी कळायला हवं होतं. पण प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी स्वानंदीनं नेमकं तेच सांगितलं.

"बाबा, उद्या मी कॉलेजात बसून आपल्या घरच्या कंप्युटरमधल्या फाइल्स उघडून दाखवणार आहे. नेटवर्कवरून. तुम्ही फक्त कंप्युटर बंद होऊ देऊ नका. एवढंच."

"म्हंजे संत्री ड्यूटी," हिंदुराव म्हणाले.

"संत्री वगैरे नाही हो. मतलब, लाइट गेली तर इन्व्हर्टर बघायचा."

फौजेतून निवृत्त झाल्यावर हिंदुराव कोल्हापूरला न परतता जयपुरातच राहिले होते. मुरलीपुऱ्यातल्या एका पाइपांच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. कारखान्याचे कॅमेरे त्यांच्या ताब्यात असल्यामुळे कंप्युटर आपल्याला कळतो, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वानंदीचं हे प्रॅक्टिकल मागच्या खेपेला काविळीत बुडालं होतं आणि आता पुन्हा गेलं तर अख्खं वर्ष जाणार होतं. त्यामुळे घरात सगळेच गरजेपेक्षा जास्त मदत करायच्या तयारीत होते.

त्यात स्वानंदीनं कॉलेजच्या सूचनांचा कागद कंप्युटरच्या वर भिंतीला चिकटवला होता. फाइली शिस्तीत लावाव्यात, पासवर्ड वरचेवर बदलावा, तो कोणालाही फोनवर सांगू नये. विद्यार्थ्यांनी तो कागद एकदा वाचून सोडून दिला होता. हिंदुरावांनी तो हुकूम म्हणून वाचला.

सकाळी स्वानंदी बॅग घेऊन बाहेर आली, तर हिंदुराव हाताची घडी घालून कंप्युटरशेजारी उभे होते.

"बघ. समद्यांस्नी फॉलिन केलंय."

तिनं पडद्यावर पाहिलं. विषयाप्रमाणे, तारखेप्रमाणे लावलेले तिचे सगळे फोल्डर नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी एकच लांबलचक रांग होती आणि प्रत्येक फाइलीच्या नावाच्या जागी नुसता आकडा होता.

"बाबा, माझे फोल्डर कुठे गेले?"

"फौजेत कोण कुठल्या गावचा, कुठल्या आळीतला, आसलं बघत न्हाईत. लंबा दाहिने, छोटा बाएँ. कदवार हुबं केलंय. त्यो तुझा व्हिडिओ लई जाडजूड, म्हून एक नंबर. ती चार वळींची टिपणं बारकी, ती मागं."

"आणि नावं? फाइल्सची नावं?"

"नंबर दिलाय की. नावानं गोंधळ हुतो."

"ठीक आहे. बॅकअप आहे. त्यात जुनी नावं असतील."

"त्येंनाच तर पकडलं!" हिंदुरावांचा चेहरा उजळला. "एकच गडी दोन ठिकाणी हजेरी लावतोय. समद्यांस्नी डिस्चार्ज दिला."

तेवढ्यात स्वानंदीची आई तारामती दह्याची वाटी घेऊन आल्या. "हे खा आणि नीघ. बाबा पहाटेपासनं राबत्यात तुझ्यासाठी."

ते खरंच होतं, म्हणून स्वानंदीला रागावताही येईना. तिनं दही गिळलं, "थँक यू, बाबा," म्हटलं आणि धूम ठोकली. लवकर पोचायचं, कॉलेजातूनच नेटवर्कवर घुसायचं आणि परीक्षक यायच्या आत जमतील तेवढ्या फाइलींची नावं परत द्यायची, असा तिचा बेत होता.

कॉलेजात तिचा जोडीदार निलय आधीच येऊन बसला होता. रेल्वेतल्या वडिलांच्या बदल्यांबरोबर फिरत आलेला हा मुलगा स्वभावानं शांत होता. आज मात्र नव्हता.

"अगं, पासवर्ड गलत दाखवतोय. मी कितीदा टाकला!"

स्वानंदीनं घरी फोन लावला.

"बाबा, पासवर्ड चालत नाहीये."

"चालंल कसा? तू गेलीस आन मी बदलला. तुझ्याच कागदावर लिवलंय."

"बरं, नवा सांगा."

"फोनवर?"

"मग कशावर?"

"पोरी, कागद वाच की आपला."

"बाबा, मी स्वानंदी बोलतेय!"

"आवाज तिच्यावाणीच हाय," हिंदुरावांनी मान्य केलं. "पर आवाज काय, आजकाल कोणबी काढतंय."

निलयनं फोन ओढून घेतला. "काका, मी निलय. ही खरंच स्वानंदी आहे."

"निलयचा आवाज तर लईच सोपा," पलीकडून उत्तर आलं. "सर्दी झाली की झालं."

याच वेळी परीक्षक नंदकिशोर पारीक सर दारात उभे राहिले. काय चाललंय ते त्यांनी विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि फोनसाठी हात पुढे केला.

"नमस्ते जी. मैं एग्ज़ामिनर बोल रहा हूँ. पासवर्ड बता दीजिए."

"ज़रूर, साहब. आयकार्ड लेकर घर आ जाइए. चाय भी हो जाएगी."

"बच्ची का इम्तिहान है जी."

हिंदुरावांचा आवाज जरा मऊ झाला. "मालूम है, साहब. मैं खुद लेकर आता हूँ."

हिंदुराव येईपर्यंत स्वानंदीची अवस्था मोठी विचित्र झाली होती. पासवर्ड आला नाही तर नापास. आला तर सर ती आकड्यांची परेड बघणार, म्हणजे तेव्हाही नापास. बाबा वाटेत अडकावेत की अडकू नयेत, तेच तिला ठरवता येईना.

ते अडकलेही. जुन्या शहराच्या चारदीवारीतल्या ई-रिक्षांमधून स्कूटर काढत ते घामाघूम होऊन पोचले आणि आल्या आल्या त्यांनी आधी सरांचं ओळखपत्र मागितलं.

"इसमें मूँछ है," त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "मूँछ किधर गई?"

"बेटी की शादी में निकलवा दी जी," सर कसंबसं म्हणाले.

समाधान झाल्यावर हिंदुरावांनी स्वानंदीच्या कानात पासवर्ड सांगितला. तिनं तो टाकला. चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. मग हिंदुरावांनी तिला बाजूला केलं आणि एका बोटानं एकेक अक्षर दाबत स्वतः टाकला. तोही चुकला. त्यांनी घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"तारा, पासवर्ड लागंना."

"लागंल कसा?" तारामतींचा आवाज खोलीभर घुमला. "तुमी गेला, ड्यूटी माझ्याकडं आली. संत्री बदलला की पासवर्ड बदलायचा, सकाळी तुमीच सांगितलं, बटणंबी दावली. मी बदलला."

हिंदुराव चकित झाले. आपलं एकही व्याख्यान ही बाई ऐकत नाही, अशी त्यांची लग्नापासूनची समजूत होती.

"बरं केलंस. आता सांग."

"फोनवर?"

निलयनं तोंड बॅगेत खुपसलं.

"अगं, मी हाय! हिंदुराव!"

"आवाज त्येंच्यावाणी हाय खरा," तारामती म्हणाल्या. "पर आमचं हे फोनवर आसलं इचारायचं न्हाईत." आणि त्यांनी फोन ठेवला.

पारीक सर खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी फोन करून पासवर्ड मागायचा, हा त्यांच्या परीक्षेचाच भाग होता. सकाळपासून ज्या ज्या घरी फोन लावला, त्या त्या घरानं तो बिनबोभाट दिला होता. एका आजीबाईंनी तर न मागता बँकेचाही दिला होता.

"पच्चीस साल से पढ़ा रहा हूँ कि नेटवर्क में सबसे कच्ची चीज़ आदमी है," ते चष्मा पुसत म्हणाले. "आपके यहाँ तो वही सबसे पक्की निकली." त्यांनी सुरक्षेचे सगळे गुण देऊन टाकले. मग पेन फाइलींच्या रकान्यावर थांबलं.

"अब खोलकर तो देख नहीं सकते. मगर जिस घर में इतना बंदोबस्त है, वहाँ फाइलें भी लाइन से लगी होंगी. क्यों?"

"लाइन से ही लगी हैं, सर," स्वानंदी म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

ती पास झाली.

परतताना हिंदुराव स्कूटर अगदी सावकाश चालवत होते. बायकोनं चारचौघांत ओळख नाकारली, याचं वाईट वाटून घ्यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नसावं. चांदपोलच्या गर्दीत स्कूटर थांबली तेव्हा ते एकदम म्हणाले, "पलटणीत आसा एक जवान मिळाला न्हाई बघ मला." फाइलींबद्दल आज काही बोलायचं नाही, असं स्वानंदीनं मागं बसल्या बसल्या ठरवून टाकलं. आईचं तिलाही फार कौतुक वाटत होतं.

कोपऱ्यावर कांद्याच्या कचोऱ्यांचा घाणा नुकताच निघत होता. हिंदुरावांनी स्कूटर कडेला घेतली आणि मोठ्या उमाळ्यानं घरी फोन लावला.

"तारा, पोरगी पास झाली! कचोऱ्या किती आणू?"

"आसलं आकडं फोनवर सांगत न्हाईत," तारामती म्हणाल्या. "घरी या, मग सांगते."