न्हाणीघराचं दार

न्हाणीघराचं फुगलेलं दार सुतारानं उतरवलं, तेव्हापासून घरातलं प्रत्येक माणूस गायला लागलं होतं. दाराच्या जागी चित्रकाराच्या बायकोनं पडदा लावला होता, आणि पडद्याला काही कडी नसते. आत कुणीतरी आहे हे बाहेर कळावं, तर गाण्यावाचून इलाज नव्हता. बायको गुणगुणायची, चित्रकार शीळ घालायचा आणि त्याची आत्या असा काही खणखणीत सूर लावायची, की शेजारीसुद्धा स्वतःच्या न्हाणीघरात शिरताना थबकायचे.

सुतार येऊन गेला तेव्हा नवराबायको दोघंही कामावर होती. घरात फक्त आत्या, आणि तिचा डोळा लागलेला. त्यामुळे दार सुतारानं दुकानावर नेलं असणार, असं सगळेच धरून चालले होते.

चित्रकार मात्र त्या दिवसापासून खुशीत होता. प्रदर्शनासाठी त्याला एक जुनं दार हवं होतं, आणि भंगारवाल्यानं कबूल केल्याप्रमाणे ते मागच्या गॅलरीत आणून टेकवलेलं दिसलं. त्यानं लगेच बाह्या सरसावल्या. आधी गोणपाट चिकटवलं, त्यावर कागदाचा लगदा थापला आणि मग घरातल्या मोडक्या वस्तूंची टोपली पालथी केली. किटलीची तोटी, घड्याळाचे काटे, कुलपं हरवलेल्या किल्ल्या. एकेक वस्तू ठेवायची, मागे सरायचं, डोळा बारीक करायचा, उचलून उलटी ठेवायची. जागा मनासारखी जमली, की मगच चिकटवायचं. शेवटी सगळ्यावर वॉर्निशचे हात.

"काय रे हे?" आत्या जाता जाता विचारायची आणि उत्तर ऐकायला थांबायची नाही.

चित्रकाराचं जन्माचं दुःख नेमकं हेच होतं. त्याच्या कामापुढे कुणी थांबत नसे. मागच्या प्रदर्शनात एक गृहस्थ थांबले होते, पण ते बुटाची नाडी बांधायला. या खेपेला एका तरी माणसानं थांबून, नीट, डोळे भरून बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

काम पूर्ण झालं. ते न्यायला टेम्पो दाराशी आला, आणि त्याच्या मागोमाग भंगारवाला. त्याच्या खांद्यावर एक दार होतं.

"दादा, तुमचं दार. जरा उशीरच झाला."

"माझं? मग हे कुठलं?"

तेवढ्यात नव्या बिजागऱ्या घेऊन सुतारही हजर झाला. "साहेब, मी तासून इथंच वाळत ठेवलं होतं..." म्हणता म्हणता त्याची नजर दारावरच्या तोटीवर गेली. न्हाणीघरातून आत्याचा सूर तेवढा ऐकू येत होता.

"हे भंगारातलं बसतंय का बघा," बायको म्हणाली.

सुतारानं ते चौकटीत उभं केलं. वर वीतभर फट, खाली वीतभर फट. आत्या केस पुसत बाहेर आली. "वरून डोकं दिसणार, खालून पाय. मधलं तेवढं झाकलंत, उपकार झाले!"

"मग आपल्या दारावरचं हे सगळं खरवडून काढता येईल?" बायकोनं विचारलं.

सुतारानं तोटीखाली पटाशी घातली. दाराचा टवका निघाला, तोटी हलली नाही. "साहेब, हे आता दारापेक्षा पक्कं झालंय."

चित्रकाराचं तोंड एवढंसं झालं. "राहू दे. आहे तसंच बसवा. नाही गेलं प्रदर्शनात तर काय बिघडतंय?"

आपल्या दाराचं काय मातेरं झालंय ते बघायला आत्या पुढे आली आणि या खेपेला थांबली. दाराच्या बरोबर मधोमध तिच्या यजमानांच्या रेडिओचं बटण होतं. ते गेले, मग रेडिओही बंद पडला, आणि ते बटण तिनंच कधीतरी टोपलीत टाकलं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. बटण कट्‌कन फिरलं.

"अरे, हे फिरतंय?"

"रेडिओचं बटण आहे, आत्या. फिरायला नको?"

आत्यानं ते आणखी एकदा फिरवलं. मग टेम्पोवाल्याकडे वळून म्हणाली, "उचला. सांभाळून न्या."

"अगं, पण तुझे हाल..."

"गातेय ना मी! इतके दिवस गायले, आणखी गाईन. पण परत आणायचं हं. कुणाला देऊन आलास तर बघ!"

चित्रकाराला भरून आलं. त्यानं टेम्पोवाल्याचेच दोनदा आभार मानले.

प्रदर्शनात लोक सवयीप्रमाणे पुढे पुढे गेले. एक बाई थांबल्या. पलीकडे आणखी दालन असेल म्हणून त्यांनी दार ढकलून पाहिलं आणि त्याही निघून गेल्या.

दार घरी परत आलं. सुतारानं जास्तीची एक बिजागरी ठोकून ते बसवलं, आणि आत्याच्या हुकमावरून वस्तू चिकटवलेली बाजू आत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आत गेली. गाणं नाही. थोड्या वेळानं पाण्याचा आवाजही थांबला, तरी ती बाहेर येईना.

"आत्या, बऱ्या आहात ना?" बायकोनं घाबरून हाक मारली.

"अगं, बघतेय! ही तोटी आपल्या निळ्या किटलीची ना? आणि हे काटे असे उलटे का लावलेत गं यानं?"

"अहो, तुम्ही तरी सांगा त्यांना! सगळ्यांना उशीर होतोय."

खांद्यावर टॉवेल टाकलेला चित्रकार स्टूल ओढून दाराशी बसला होता. आतून बटण फिरल्याचा आवाज आला. कट्‌. थोड्या वेळानं पुन्हा, कट्‌.

"बघू दे गं तिला," तो म्हणाला, आणि त्यानं डोळे पुसायला टॉवेल तोंडाशी नेला.