तिथं माणूस हाय

भजन रंगात आलेलं असतं, पखवाज चढलेला असतो आणि सोपानतात्यांचा उजवा हात टाळासकट वर जातो. सगळं थांबतं. एखादा म्हातारा डोळे मिटून एकटाच पुढे गात राहतो, त्याला शेजारचा कोपराने ढोसतो.

"कोणतरी चुकीच्या जागंवर बसलंय," तात्या म्हणतात.

आणि कोणीतरी खरंच बसलेलं असतं.

आमचं गाव पाटोद्याहून बीडकडे जाताना लागतं. मारुतीच्या देवळात दर शनिवारी संध्याकाळी भजन होतं. मंडळ जुनं आहे. किती जुनं, ते कोणी सांगू शकत नाही. सोपानतात्या त्याचे सर्वांत जुने हयात सभासद. त्यांचा आवाज घोगरा आहे आणि ते त्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ते ओळ सगळ्यांबरोबर उचलतात आणि सगळ्यांच्या आधी सोडून देतात.

बीडच्या एका दैनिकातून निवृत्त होऊन मी गावी आलो, तेव्हा मंडळाचा इतिहास मी लिहावा असं ठरलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे लावले, पण तात्या मला संपादक म्हणतात. वही घेऊन मी पहिला त्यांच्याकडेच गेलो.

"मंडळ कधी सुरू झालं?"

"धोंडिबाचा आवाज फुटायच्या आदी."

"म्हणजे कोणत्या साली?"

"ते धोंडिबाला इचारावं लागंल. तो तर गेला."

मग ते उठले आणि मला सभामंडपातली फरशी दाखवत फिरले. मंडळाचा इतिहास त्यांना तिथेच वाचता येत होता. "हितं धोंडिबा. लई उंच आवाज, पर दुसऱ्या कडव्याला हमखास खोकला. त्या खांबाशी बाबू गुरव. तो कवाच गायला न्हाई, निस्तं तोंड हालवायचा. पर तो नसला की भजन बसायचं न्हाई."

"कावून?" मीही गावचाच आहे.

"ते कळलं आसतं तर मी बी निस्तं तोंडच हालवलं नसतं का?"

मंडळात प्रत्येकाची जागा आवाजावरून ठरते. कच्च्या आवाजाच्या शेजारी पक्का आवाज, म्हणजे एकाचा सूर घसरला तर दुसऱ्याने धरायचा. ही मांडणी तात्यांची, आणि नियमही त्यांचेच. सभासद वारला तर तेराव्यानंतर सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं. ऊसतोडीला गेला तर सरकायचं नाही. त्याचा टाळ त्याच्या जागेवर ठेवायचा. दिवाळीनंतर गाव कारखान्यांकडे निघतं आणि सतरंजीवर माणसांपेक्षा टाळ जास्त दिसू लागतात.

मागच्या थंडीत तालुक्याचे एक पुढारी भजनाला आले. टाळ बाजूला सारून ते मोकळ्या जागेवर बसले. तात्यांचा हात वर गेला.

"साहेब, तिथं माणूस हाय."

साहेबांनी आधी खाली पाहिलं, मग मागे. "कुठंय?"

"कारखान्यावर."

साहेबांचा एक कार्यकर्ता उठला. "कोण बसलंय ते कळतं का बे, म्हाताऱ्या?"

"कळतं की. म्हून तर सांगतो. ही जागा खालच्या आवाजाची हाय. साहेबांची पट्टी लई वरची."

साहेब हसले आणि खांबाला टेकून बसले. कार्यकर्ते शेवटपर्यंत उभेच राहिले. कुठे माणूस असेल, याचा त्यांना भरवसा वाटेना.

या नियमांना एकच जागा अपवाद होती. तात्यांच्या उजव्या हाताची. ती रिकामी होती आणि तिच्यावर टाळही नव्हता.

ती तात्यांच्या मुलाची, भागवतची जागा. मंडळातला सर्वांत चांगला आवाज त्याचा. बऱ्याच वर्षांपूर्वी नारायणगडावर यात्रेत आसपासच्या गावांची मंडळं जमली होती, तेव्हा एका अभंगाच्या धृपदाला भागवतचा सूर किंचित उतरला. तात्यांनी हात वर केला. सगळ्यांसमोर त्याला ती ओळ पुन्हा घ्यायला लावली, मग पुन्हा. भागवतने ओळ सरळ केली, अभंग पूर्ण केला, टाळ पिशवीत घातला आणि पुण्याकडे एका कंपनीत कामाला लागला. सणाला यायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि भजनाच्या वेळेला स्टँडवर जाऊन बसायचा.

तो टाळ घेऊन गेला होता, आणि नियम असा होता की जो टाळ नेतो त्याची जागा जाते. तात्यांनीच केलेला नियम.

यंदा शाळेवर नवे गुरुजी आले. आवाज गोड. त्यांना खांबामागे बसावं लागे आणि तिथून ते कोणाला ऐकू येत नसत. पखवाज वाजवणाऱ्या रावसाहेबांनी विषय काढला. हे तात्यांच्या बरोबरीचे. एवढं बोलायची हिंमत त्यांच्यातच.

"तात्या, तुमच्या उजवीकडं गुरुजींला बसवू."

"तिथं पाणी गळतं."

"ह्या दिसात?"

"गळायचं आसलं की गळतं."

रावसाहेबांनी वर पाहिलं. स्लॅब नवा होता. "नेम तुमचाच हाय. टाळ नेला, जागा गेली."

तात्या बराच वेळ टाळाची दोरी सोडत आणि बांधत बसले. मग म्हणाले, "पाडव्याला समदे माघारी येत्यात. तवा बसवू गुरुजींला."

इतिहासाच्या कामासाठी मला भागवतशीही बोलायचं होतं. फोन केला. जुन्या चाली कोणी बसवल्या ते त्याने नीट सांगितलं. शेवटी विचारलं, "मपली जागा कुणाला दिली?"

"अजून कोणालाच नाही. पाडव्याला गुरुजींना देणार आहेत. तिथे पाणी गळतं असं तात्या म्हणतात."

 

"तिथं कवाच गळत नव्हतं," भागवत म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पाडव्याला संध्याकाळी गुढ्या उतरल्यावर भजन बसलं. तोडीवरून सगळे परतले होते. प्रत्येकाने आपल्या जागेवरचा टाळ उचलून धोतराला नाहीतर शर्टाला पुसला. गुरुजी धुतलेला सदरा घालून खांबाशी उभे होते.

"बसवायचं का?" रावसाहेबांनी विचारलं.

"आदी सुरवातीची पंचपदी हू दे."

पंचपदी झाली.

"आता?"

"येवढा अभंग हू दे की. घाई काय हाय बे तुला?"

अभंग मध्यावर आला असताना दाराकडून, चपलांच्या ढिगाजवळून एक टाळ हळूच वाजू लागला. तात्यांची दाराकडे पाठ होती. त्यांचा हात वर गेला. सगळं थांबलं.

"कोणतरी चुकीच्या जागंवर बसलंय."

जो तो स्वतःच्या खाली बघू लागला. गुरुजी तर उभेच होते, तरी दोन पावलं मागे सरले.

"दाराकडं," तात्या मागे न बघता म्हणाले.

भागवत उठून पुढे आला. तात्यांच्या उजवीकडे बसण्याआधी त्याने वर स्लॅबकडे पाहिलं. "गळत न्हाई ना?"

"आज न्हाई."

मग तात्यांनी गुरुजींना हाताने बोलावलं, स्वतः थोडे सरकले आणि त्यांना डावीकडे बसवलं. कोणी वारलेलं नसताना तात्या आपल्या जागेवरून सरकल्याचं माझ्या माहितीत दुसरं उदाहरण नाही.

धृपद भागवतने उचललं. इतकी वर्षं गळ्याला सवय नव्हती; वर जाताना सूर उतरला. नारायणगडावर उतरला होता त्यापेक्षा बराच जास्त. गुरुजींच्याही ते लक्षात आलं. रावसाहेबांचा हात सवयीने थांबला आणि त्यांनी तात्यांकडे पाहिलं.

तात्यांचा टाळ छातीशीच वाजत होता. "वाजीव की," ते म्हणाले आणि त्यांनी भागवतची ओळ आपल्या घोगऱ्या आवाजात धरली.

त्या दिवशी ती त्यांनी सगळ्यांच्या शेवटी सोडली.