निकाल सांगू नये

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी आमच्या क्लिनिकच्या एक्स-रे खोलीच्या दारावर दरवर्षी एक कागद लागतो. मराठी, अरबी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत त्यावर लिहिलेलं असतं : 'आज कोणीही निकाल सांगू नये.' पेशंट बिचारे हबकतात. छातीचा फोटो काढायला आलेला माणूस हे वाचून बसल्या जागी अर्धा होतो. गेल्या वर्षी एका इजिप्शियन आजींनी तर माझा हात धरून विचारलं, "इतकं वाईट आहे का, बेटी?"

कागद लावणारे हसनभाई. मूळचे दाभोळचे, गेली तीस वर्षं कुवेतमध्ये, सबाह अल-सालेममधल्या आमच्या क्लिनिकचे एक्स-रे टेक्निशियन. मी शेजारच्या लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळे त्यांच्या वेडाचा पहिला फटका मला बसतो. निकाल असतो तो अमेरिकन फुटबॉलच्या फायनलचा. सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे लागतो. हसनभाई तो रेकॉर्ड करून ठेवतात आणि संध्याकाळी घरी गेल्यावर बघतात. तोवर सगळ्या जगाने तोंडाला कुलूप लावायचं.

खरं तर आमच्या क्लिनिकमध्ये या खेळातलं कोणाला ओ की ठो कळत नाही. लाच दिली तरी निकाल सांगू शकेल असा माणूस नाही. तरी हसनभाई कानात कापूस घालून येतात आणि मोबाइल बंद करून कपाटात टाकतात.

"एवढं आहे तर पहाटे उठून बघा की," मी एकदा म्हटलं.

"नाय गो बाय. संध्याकाळीच."

"का पण?"

"तुला समजायचं नाय."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. खेळ समजवायला मात्र ते केव्हाही तयार. जेवणाच्या टेबलावर माझ्या डब्यातली भजी मांडून म्हणतात, "ही आपली माणसं, ही त्यांची. आता राहायच्या परवान्याची, इकामाची फाईल कशी सरकते? तसंच. चार खेपांत दहा यार्ड सरकली तर आणखी चार खेपा. नाय सरकली, तर फाईल समोरच्याच्या हातात." एवढ्यात माझी निम्मी माणसं त्यांच्या पोटात गेलेली असतात.

"आणि हे सगळं हातानं? मग फुटबॉल कशाला म्हणायचं?"

"तुला समजायचं नाय."

यंदा मात्र कहर झाला. त्या सोमवारी सकाळी पाय मुरगळलेला एक धिप्पाड अमेरिकन आला. डोक्यावर निळी टोपी, चेहरा आनंदाने फुललेला. हसनभाईंनी टोपी पाहिली आणि त्याने तोंड उघडायच्या आत ओरडले, "नो टॉकिंग! ओन्ली ब्रीदिंग!" बिचाऱ्याने घोट्याचा फोटो श्वास रोखून काढून घेतला. मग रक्त द्यायला तो माझ्याकडे आला आणि सगळं मला ऐकवलं. निळेवाले जिंकले, तीन गुणांनी, अगदी शेवटच्या क्षणी. मला नको असलेलं ज्ञान माझ्या गळ्यात पडलं.

तासाभराने सुलैबियाहून एक गवंडी आला. पडला होता, मनगट वांग्यासारखं सुजलेलं. टोपीवाला गेल्यापासून एक्स-रेचं दार आतून बंद. मी फोन केला, बंद. दार वाजवलं, उत्तर नाही. कानात कापूस! दहा मिनिटं, वीस मिनिटं. तो माणूस हात छातीशी धरून घामाघूम झाला होता, पण तक्रारीचा एक शब्द नाही. माझंच डोकं फिरलं. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं आणि आख्ख्या क्लिनिकला ऐकू जाईल असं ओरडले, "निळेवाले जिंकले! तीन गुणांनी! शेवटच्या क्षणी! झालं? आता उघडा!"

दार उघडलं. हसनभाईंनी कानातला कापूस काढला, गवंड्याला हात धरून आत नेलं, फोटो काढला. त्याची दोनदा माफी मागितली. मग दारावरचा कागद काढून चार घड्या घालून खिशात ठेवला.

"शेवटच्या क्षणी?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"बरं."

दिवसभर ते एवढंच बोलले. भांडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी राहवेना. थालीपिठं घेऊन मी एगैलाला त्यांच्या घरी गेले. दार उघडताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. टीव्ही लावलेला, पडद्यावर सामना सुरू व्हायच्या आधीचं दृश्य थांबवलेलं. टीव्हीशेजारी फोन उभा केलेला आणि फोनमध्ये एक मुलगी, इस्पितळाच्या कपड्यांत, डोळे तांबारलेले. त्यांची लेक झैनब, अमेरिकेत नर्स. रात्रपाळी करून नुकती घरी आलेली.

"नोबडी टोल्ड यू, राइट, अब्बा?"

हसनभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "कोण सांगणार? हितं कोणाला कळतंय!"

दोघांनी एकदम 'वन, टू, थ्री' म्हणून आपापल्या घरी सामना सुरू केला. मी दहा मिनिटं बसायचं ठरवलं होतं. हसनभाई लालवाल्यांच्या बाजूने ओरडत होते, पैजा मारत होते, "लिहून ठेव, लालच जिंकणार!" आणि लेक तिकडून हसत होती, "नो वे, अब्बा!" एवढा खोटारडा माणूस मी पाहिला नव्हता.

खेळ मात्र सारखा थांबायचा. शिटी वाजली की सगळे उभे, जाहिराती, पुन्हा उभे. मी वैतागले. पण तेवढ्यात पोरगी बोलायची. घर बदललं. डिसेंबरात ताप आला होता, तेव्हा सांगितलं नाही. मम्मीच्या कालवणात कोकम आधी पडायचं की नंतर? हसनभाई पडद्यावरची नजर न हलवता उत्तरं द्यायचे, "नंतर. उकळी आल्यावर."

मध्यंतरात ती चहा करायला उठली तेव्हा त्यांनी मला हळूच सांगितलं, "हिची आई होती तेव्हा मायलेकी तासन् तास बोलायच्या. मी बाजूच्या खोलीतून 'जेवली का विचार' एवढंच म्हणायचो. ती गेली आणि फोन माझ्या हातात आला. दोन मिनिटांत संपायचा गो. 'जेवलीस?' 'येस, अब्बा.' पुढं काय बोलायचं, मला येतच नाय. मग पोरीनं या खेळाचं नाव काढलं. मी शिकलो."

शेवटच्या मिनिटाला निळ्यांचा खेळाडू चेंडू घेऊन पळाला. झैनब किंचाळली. हसनभाईंनी कपाळावर हात मारला, "हरलो! साफ हरलो!" डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"ओके, अब्बा. आता झोपते."

"थांब, थांब. ती शेवटची धाव परत बघू. पाय रेषेबाहेर गेला होता त्याचा."

"अब्बा, आय हॅव टू स्लीप..." तिनं उशी जवळ ओढली. "ओके. वन मोर टाइम."

हसनभाईंनी रिमोट उचलला आणि सामना मागे न्यायला सुरुवात केली. शेवटची धाव मागे गेली. त्याच्या आधीचा डाव गेला, त्याच्या आधीचाही. मध्यंतर आलं तरी त्यांचं बोट बटणावरून हललं नाही. लेक तिकडे गालाखाली उशी घेऊन वाट बघत होती.

मी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.