टिवल्या सशाच्या आखूड स्की

एका जंगलात इतका बर्फ पडायचा, की वाघसुद्धा कानटोपी घालून शिकारीला जायचा. हसू नका. तुमच्या आयांनी तुम्हाला काय काय घालून शाळेत पाठवलंय, ते मला ठाऊक आहे.

तर त्या जंगलात सिंहमहाराजांनी एक उड्याबाग काढली. उड्याबाग म्हणजे बर्फाचा उतार, त्यावर एक लांब लोखंडी नळ आणि नळापुढं बर्फाचा ढीग. पायांना स्की म्हणजे घसरायच्या पट्ट्या बांधायच्या. नळावरून सुर्रकन घसरायचं, ढिगावरून उडी मारायची, हवेत गिरकी घ्यायची आणि उलट्या तोंडानं खाली उतरायचं.

कशासाठी? असं विचारायचं नसतं. महाराजांनी काढली होती.

दवंडी पिटली गेली. "पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच पाळी होऽऽ! जो पडणार नाही, तो हिवाळाभर उड्याबागेत. जो पडेल, तो हिवाळाभर बाळांच्या घसरगुंडीवर होऽऽ!"

टिवल्या नावाच्या सशानं ही दवंडी ऐकली आणि त्याची झोप उडाली. टिवल्या दोन वर्षांचा, म्हणजे सशांत लग्नाचा. बाळांच्या घसरगुंडीवर त्याचे भाचे घसरायचे. त्यांच्या रांगेत मामानं उभं राहायचं? त्यापेक्षा कोल्ह्याकडं जेवायला गेलेलं बरं!

स्कीचं दुकान होतं काटेशेट साळिंदराचं. टिवल्या एकटाच निघाला होता. पण त्या जंगलात खरेदीला एकटं जायची रीत नव्हती. आई ठकूबाई निघाली. मामा गणोजी निघाला. शेजारचं अस्वल तर नुसतंच, सहज म्हणून निघालं.

"उड्याबागेसाठी दाखवा, शेट," टिवल्या म्हणाला.

काटेशेटनं एक जोडी काढली. आखूड, जराशी लवचिक. पुढचं टोक वर वळलेलं आणि मागचंही वर वळलेलं.

ठकूबाईनं नाक उडवलं. सशाचं नाक उडतंच, पण हे मुद्दाम.

"दोन्हीकडनं वाकलाय की हो! पडून राहिलेला माल आमच्या गळ्यात मारताय होय?"

"आई, उलटं उतरायचं असतं. मागचं टोक सरळ असलं तर बर्फात रुततं."

"उलटं कशाला उतरायचं? आपल्या घराण्यात कुणी उलटं उतरलेलं नाही."

गणोजीमामानं स्की गुडघ्यावर दाबून पाहिली. "लवतीय ही! टणक दाखवा, शेट. दोन पिढ्या जायला पाहिजेत."

"मामा, नळावर टणक चालत नाही. जरा लवणारीच लागते."

"मला शिकवतोस? बर्फ पडला की मी बिळाबाहेर येत नाही, म्हणून काय मला बर्फातलं कळत नाही?"

मग मापाचा घोळ.

"हनुवटीपर्यंत आली की पुरे," टिवल्या म्हणाला.

"आणि कान कुणाचे? शेजाऱ्यांचे?" ठकूबाई म्हणाली. "कान धरून मापा, शेट. वर चार बोटं सोडा. वाढत्या अंगाची द्या."

"आई, मी घोडा झालोय! आता सशाचं आणखी काय वाढणार?"

"असं बोलू नये. वाढ खुंटते."

काटेशेट मुरलेला दुकानदार. गिऱ्हाइकाला त्यानं कधी काटा दाखवला नव्हता. त्यानं गुपचूप डोंगरावरची जोडी काढली. जाड, टणक आणि एवढी लांब, की मागचं टोक गल्ल्यापाशी आणि पुढचं रस्त्यावर.

"ही बघा, वस्तू घेतल्यासारखी वाटते!" मामा म्हणाला.

"मलाही अश्शीच द्या," अस्वल म्हणालं. "मग पोरांना होईल, नातवंडांना होईल."

टिवल्यानं दुकानाच्या दारातच बसकण मारली. ठकूबाईनं पिशवीतून गाजर काढून पुढं धरलं. त्यानं तोंड फिरवलं.

"गाजराला नको म्हणालास?" ठकूबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "घे बाबा ती वाकडी! पण कुणी विचारलं, तर भेट मिळाली म्हणून सांग."

इकडं अस्वलानं लांब घेतली म्हणून लांडग्यानं घेतली. लांडग्यानं घेतली म्हणून याकनं घेतली. मग काय, बिबट्यानं तर आणखी वीतभर लांब मागितली.

उड्याबागेचा दिवस उजाडला. पंच होते हुप्पाजी वानर.

अस्वल नळावर चढलं. ते वळलं, स्की वळल्या नाहीत.

"पडला! घसरगुंडी!"

लांडग्यानं गिरकी घेतली. डावी स्की उजवीत अडकली आणि उजवी हुप्पाजींच्या शेपटीत.

"पडला! आणि आधी माझी शेपटी सोड!"

याकनं जोरात उडी मारली. तो वर गेला, स्की खालीच राहिल्या.

मग आला टिवल्या. नळावर पाय टेकले, कानांनी तोल धरला, सुर्रर्र गेला, उडाला, फिरला आणि उलटा, अलगद खाली उतरला.

"पडला... नाही," हुप्पाजी म्हणाले. त्यांना जरा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी टिवल्या उड्याबागेत गेला. एकटा. सुंदर उडी मारली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. हुप्पाजी डुलक्या घेत होते.

खालून मात्र हशा येत होता. बाळांच्या घसरगुंडीवर सगळं जंगल लोटलं होतं. लांब स्कीवर अस्वल बसलं होतं, अस्वलामागं पोरं, पोरांमागं लांडगा, लांडग्यामागं याक. सगळी गाडी एकदम घसरायची आणि एकदम उलटायची. गणोजीमामा जन्मात पहिल्यांदा बर्फात आला होता आणि "पुन्हा! पुन्हा!" म्हणून ओरडत होता. ठकूबाई कडेला बसून गाजरं भाजत होती.

चार दिवस टिवल्यानं कळ काढली. पाचव्या दिवशी त्यानं ठरवलं, आपण पडायचं.

पण पडता येईना! डावीकडं कलला, स्कीनं सावरलं. डोळे मिटून उडी मारली, तरी पाय बरोबर जमिनीवर. शेवटी त्यानं स्की काढल्या आणि हुप्पाजींसमोर बर्फात आडवा झाला.

"पंच, बघा, पडलो."

"हे पडणं नव्हे, हे झोपणं. ऊठ! महाराजांनी एवढी बाग काढलीय, कुणीतरी वापरायला नको?"

टिवल्या धावत दुकानात गेला. "काटेशेट, हमखास पडता येईल अशी जोडी द्या."

"संपली रे. सगळ्या जंगलानं नेली."

"एकसुद्धा नाही?"

"एक होती. सगळ्यात लांब. पण आत्ताच सिंहमहाराज घेऊन गेले. म्हणाले, खाली लई मजा चाललीय."

तात्पर्य: बाळांनो, कामाला साजेल अशीच वस्तू घ्यावी, यात शंका नाही. फक्त दुकानात जाण्याआधी चार घरी जाऊन त्यांनी काय घेतलं ते बघून यावं. चुकणाऱ्याला सोबत मिळते. बरोबर असणाऱ्याला एक पंच मिळतो, आणि तोही डुलक्या घेणारा.